थांबाकाकूंचा मेळावा

मला योग्य वेळी ‘थांब’ म्हणणारं माणूस भेटलं आणि मी थांबलो नाही. चूक माझी, पण तिचा त्रास खर्डीच्या एका मुलीला झाला. म्हणून थांबाकाकूंविषयी लिहायचं तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

काकू मुरबाडला आमच्या समाजाचं वधू-वर मंडळ चालवायच्या. स्थळ घेऊन कुणीही आलं, तरी त्यांचा पहिला शब्द ‘थांबा’. मुलगा पसंत आहे? थांबा, हा घरात कसा वागतो ते आधी त्याच्या बहिणीला विचारा. मुलगी पसंत आहे? थांबा, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत परत बघा. “गुडघाभर चिखलात बघितली नि आवडली, तर जन्मभर आवडंल.” चहासुद्धा त्या इतका वेळ उकळत ठेवायच्या की घाईतला पाहुणा आपोआप मुक्कामी पडायचा.

मी तेव्हा शहापूरला कॉम्प्युटर क्लास चालवत होतो. कुणी न मागता मी त्यांना पत्रिका जुळवणारा प्रोग्रॅम करून दिला. मंडळाच्या मेळाव्यात त्याचं उद्घाटन ठरलं. वीस-तीस नावांवर तो झकास चालत होता. मंडळाकडची सगळी नावं भरली आणि तो हलेना. एका मुलीसाठी विचारलं, तरी पठ्ठ्या दर वेळी सगळ्यांची पत्रिका सगळ्यांशी जुळवत बसायचा. मुलग्यांची मुलग्यांशीसुद्धा.

मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात काकू माझ्यामागे उभ्या राहून बघत होत्या.

“झोपला का रे तो?”

“शोधतोय, काकू.”

“एवढ्यात मी साखरपुडा उरकते.” मग त्या खुर्ची ओढून बसल्या. “आपण मेळावा पुढच्या महिन्यात करू. मला पुढं ढकलायची लाज नाय. पोरी मंचावर ताटकळायला नकोत.”

“पण निमंत्रणं गेलीत. त्यावर माझं नाव छापलंय.”

“मंग तुझंच लग्न लावू या का?”

मी दुरुस्त करतो म्हणालो. नीटसं जमलं नाही. मेळाव्याच्या सकाळी त्यांनी विचारलं, “झाला का?” आणि मी चक्क “झाला” म्हणालो.

मंचावर सगळ्यात आधी सुनंदा आली. खर्डीची, बालवाडीत शिकवणारी. मी तिचं नाव टाकलं. मागच्या मोठ्या पडद्यावर वाळूचं घड्याळ उमटलं आणि तिथंच राहिलं. घड्याळाखाली ती हात बांधून उभी. सभागृह खाकरू लागलं. मागून एक आवाज आला, “हिचं जुळतच नाय वाटतं.” चार जण हसले. सुनंदा खाली बघू लागली.

काकू उठल्या, माझ्या पुढ्यातला माइक उचलला. “का रे हसतोस? पोरीच्या तोडीचा एक पण सापडंना, म्हणून मशीन दमलंय. तुझं नाव टाकलं असतं तर लगेच नाय म्हणालं असतं.” आता सगळं सभागृह हसलं, पण त्या पोरावर. काकूंनी सुनंदाला हाताला धरून खाली आणलं, मशीन बंद करायला लावलं आणि उरलेला मेळावा जुन्या पद्धतीनं, तोंडी पार पाडला.

संध्याकाळी मी माफी मागायला गेलो. “मला कशाला सांगतोस? तिला जाऊन सांग,” एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर प्रत्येक भेटीत विचारायच्या, “गेलतास का खर्डीला?” मी काहीतरी काम पुढे करायचो. थांबायचं कसं, हे मी त्यांच्याकडून शिकलो ते नेमकं या एका बाबतीत.

पाच-सहा वर्षांनी काकू गेल्या. त्यांच्या दिवसकार्याला सुनंदा नवऱ्याबरोबर सासरहून, वैशाखऱ्याहून आली होती. मी तिला अंगणात गाठलं आणि त्या दिवशी दोष माझ्या प्रोग्रॅमचा होता, एवढं सांगितलं.

ती म्हणाली, “मला वाटायचं, यादीत माझ्यासाठी कुणीच नव्हतं. काकूंनी नुसती माझी अब्रू राखली.”

“होती. चांगली स्थळं होती. घरी जाऊन मी प्रोग्रॅम पुरा चालू दिला होता.”

“मी होतो का त्यात?” नवऱ्यानं विचारलं.

“नाही. तुमची नोंदणीच नव्हती.”

“मंग बरं झालं ना दादा, बंद पडला तो.”

तो हसला. सुनंदा हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.

“बंद पडणार हे मला माहीत होतं,” मी म्हणालो. “माझ्या नावासाठी मी तुम्हाला तिथं उभं केलं. चुकलो. मला माफ करा.”