गाळलेलं कडवं

निपाणीच्या शेवंताक्कांनी ज्या संगीत नाटकात उमेदीची वर्षं राणीचं काम केलं, त्यावर आता सिनेमा निघाला. कोरमंगलाच्या स्टुडिओत बोलावून त्यांच्याकडून राणीचं गाणं गाऊन घेतलं आणि नंतर त्या जागी एका नामवंत गायिकेचा आवाज घातला. शिवाय राणी भर दरबारात राजाला जाब विचारते, ते शेवटचं कडवंच गाळलं. गाणं लांबतं म्हणे!

मल्लेश्वरमच्या सभागृहात गाण्यांचं प्रकाशन होतं. लेक सुखदा म्हणाली, "आई, नको जाऊया. उगाच मनस्ताप."

"माझं इरकल काढ," अक्का म्हणाल्या.

गाणं वाजलं, टाळ्या झाल्या. त्या ओसरताच मागच्या रांगेतून अक्का उठल्या आणि गाळलेलं कडवं खड्या आवाजात गाऊ लागल्या. संयोजक धावत आला. "अक्का, स्वल्प, जरा बसा!" अक्कांनी नुसता हात वर केला. तार सप्तकात आवाज चिरला, तरी तान पुरी करूनच त्या थांबल्या. मग कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" अक्कांनी कडवं पुन्हा म्हटलं.

सिनेमात ते कडवं आलं नाही ते नाहीच.

परतताना रिक्षात सुखदा म्हणाली, "आता तुला कुणी बोलावणार नाही."

"आज तरी कुठं बोलावलं होतं?" अक्का म्हणाल्या.