दुसऱ्या मजल्यावरचा गोग्रास

मंगळवारी सकाळी आमचा मासा उताणा झाला.

उताणा म्हणजे आरामखुर्चीत पडून पेपर वाचावा तसा. पोट वर, पर हळूहळू हलतायत, डोळे उघडे. मी चहाचा कप घेऊन टाकीसमोर उभा होतो. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मासा माझा नव्हता, तेवढंच समाधान. सोनेरी, लिंबाएवढा, शेपटीचा झुबका असलेला तो मासा माझ्या मुलीचा. दोन महिन्यांपूर्वी ती शिकायला पुण्याला गेली तेव्हा त्याला सांभाळायला मी मोठ्या रुबाबात पुढे झालो होतो. ती म्हणाली, "बाबा, मागच्या वेळी तुमच्या भरवशावर माझे दोन मनीप्लांट वारले. आजी, तूच बघ गं याच्याकडं." आजीनं, म्हणजे माझ्या आईनं, अशी मान हलवली की जणू तिला कुणी पागोटं बांधलंय. आमच्या गावी, पासलीत, जन्मभर गाई-म्हशी राखलेली बाई ती. गुडघे दुखायला लागले म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही तिला भोरला, आमच्या दुसऱ्या मजल्यावर आणलं. इथं तिच्या हाताला एकच जनावर लागलं, आणि ते आता पाठीवर पोहत होतं. मुलगी शनिवारी घरी येणार होती.

आईनं टाकीत पाहिलं आणि मटकन स्टुलावर बसली.

"पोरीला काय सांगू रं मी? माझ्या हवाली केलंवतं तिनं."

मी मोबाईल काढला. अर्ध्या तासात माशाला चार असाध्य रोग असल्याचं निष्पन्न झालं, त्यातले दोन मला स्वतःला असावेत असाही संशय आला. आईनं तोवर मीठ-मोहऱ्या घेऊन टाकीची दृष्ट काढली.

बायको म्हणाली, "अहो, त्याचं पोट बघा. सुपारीएवढं होतं, आता आवळ्याएवढं झालंय."

"पोटफुगी," आई एकदम म्हणाली. "म्हशीला व्हती तशी. गोडंतेल पाजू का?"

"आई, त्याला पाजायची नळी त्याच्यापेक्षा मोठी आहे."

"मग डाक्टरला बोलीव."

डॉक्टर म्हणजे वेल्ह्याकडे सगळी हयात गुरांवर उपचार करून निवृत्त झालेले एक गृहस्थ. ते डॉक्टर नव्हते, पण आमच्या म्हशी त्यांना डॉक्टरच मानायच्या. आता भोरलाच राहत होते. मी फोनवर "पेशंट आहे" एवढंच म्हणालो. ते बुधवारी खांद्याला पिशवी आणि पायात गमबूट घालून हजर. गोठा कुठाय म्हणून त्यांनी आधी खाली पार्किंगमध्ये शोधलं, मग जिना चढून वर आले.

टाकीसमोर ते बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"दादा," ते म्हणाले, "बैलाच्या खाली गेलोय, रेड्याच्या शिंगावर गेलोय. पर हे पयलंच."

तरीही हाडाचा ढोरवैद्य. त्यांनी काचेवर बोटानं टकटक केलं, म्हशीच्या कुशीवर करतात तसं, आणि कान लावला. माशाचे खवले उभे राहिलेत का ते वाकून पाहिलं. "न्हाई. खवलं बसल्यालं हायती, आंगावर डाग न्हाई. वंगाळ रोग न्हाई मावशी, भिऊ नगा. शेण कसं टाकतोय?"

"पांढरं. दोऱ्यावानी," आई म्हणाली. तिनं एवढं बारीक पाहिलं होतं हे ऐकून मी थक्क झालो.

"आन पाणी असं पेजंवानी कशानं?"

"नळालाच तसं येतं," आई जरा घाईनं म्हणाली.

डॉक्टरांनी पिशवीतून सलाइनची नळी काढली, एक टोक टाकीच्या तळाच्या खड्यांत खुपसलं आणि दुसऱ्या टोकानं गाळ वाटीत उतरवून घेतला. वाटी नाकाशी नेली. डोळे मिटले.

"आंबेमोहोराचा भात न्हाई," ते म्हणाले. पुन्हा हुंगलं. "इंद्रायणी हाय ही. आन ती बी वरल्या अंगाची, पासलीकडची."

आम्ही सगळे आईकडे वळलो.

"बघता काय असं? गोग्रास त्यो," आई म्हणाली. "माझ्या आईपास्नं चालत आलंय. आदी मुक्या जनावराच्या तोंडी घास, मग आपल्या. पासलीत गाय व्हती. हितं दुसऱ्या माळ्यावर गाय कुठनं आणू? घरात मुकं जनावर ह्योच. का तुला द्यू? तू काय मुका न्हाईस."

म्हणजे दोन महिने, दोन्ही वेळा, तूप लावलेल्या इंद्रायणीचा घास त्या लिंबाएवढ्या जिवाच्या तोंडी जात होता. गाईच्या मापाचा.

मी हसत सुटलो. मनीप्लांटचा सूड घ्यायची अशी संधी पुन्हा कधी येणार? "वा! आणि म्हणे, आजी तूच बघ!" एवढं बोललो आणि आईचा चेहरा पाहिला. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "म्या मारलं व्हय रं त्याला?" तिनं हळूच विचारलं.

माझं हसू तिथंच राहिलं.

डॉक्टरांची नजर अजून वाटीत होती. त्यांनी करंगळीनं काही तरी उचललं. "मावशी, थांबा. ह्यो पापुद्रा काय भाताचा न्हाई. ही खारी हाय."

घरात खारी खाणारा एकच प्राणी आहे. रोज सकाळी चहात बुडवता बुडवता मी एक तुकडा टाकीत सोडायचो. मासा अशी काही झेप घ्यायचा, की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटायच्या. सगळे माझ्याकडे वळले आणि आईच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा रंग आला.

"खारी!" ती म्हणाली. "मैद्याची! आन वर मलाच बोलतोय!"

डॉक्टरांनी निकाल दिला: रोज थोडं पाणी बदला, शिळं, ठेवलेलं घाला. तीन दिवस कडकडीत उपास. मग उकडलेल्या मटाराची साल काढून कणभर गर. जाताना त्यांनी माझ्या पोटाकडे पाहून, "उपास जोडीनं केला तरी चालंल," असंही सुचवलं.

माशाचा उपास सोपा होता. अडचण निघाली आईची. घास दिल्याशिवाय ती जेवेना. ताट वाढून बसून राहिली. शेवटी मीच तो घास द्रोणात घेऊन नदीच्या बाजूच्या गल्लीत बांधलेल्या एका गाईला नेऊन दिला. दिवसातून दोनदा, दोन मजले उतरून. संध्याकाळी मुलीचा फोन आला, "आजी, दाखव ना त्याला," की आई फोन छातीशी धरून म्हणायची, "झोपलंय गं लेकरू."

गुरुवारी तो कुशीवर आला. शुक्रवारी तिरपा. शनिवारी सकाळी आईनं चमच्याच्या टोकावर मटाराचा गर धरला, त्यानं तो गिळला, आणि थोड्या वेळानं टाकीच्या तळाशी अशी काही दोरी पडली की आईनं देवाला हात जोडले. दुपारी मुलगी आली तेव्हा तो सरळ पोहत होता. आईनं दम खाल्ला, पाणी प्यायलं आणि मग सगळं खरंखरं सांगून टाकलं, माझ्या खारीसकट. खारीपासूनच सुरुवात केली.

मुलगी हसून हसून पडली. मग तिनं आजीच्या तळहातावर माशाच्या खाण्याचे चार दाणे मोजून ठेवले. "एवढंच, आजी. आणि मासा तुझ्याचकडं."

आता आई रोज जेवायच्या आधी भाताचा घास टाकीपाशी नेते, काचेसमोर क्षणभर धरते, देवाला नैवेद्य दाखवावा तसा. मासा आतून तोंड उघडझाप करतो. मग ती द्रोण माझ्या हातात देते आणि मी जिना उतरतो. गाय लांबूनच मला पाहून उठून उभी राहते.