आप्पांनी दिलेल्या नळ्या

कामाला लागण्याआधी चनमल्लप्पा लोखंडी नळी तोंडाला लावून फुंकत. मापं खडूनं मनगटावर लिहीत. चहा बशीतूनच पीत, तोही लेथ थांबवल्यावर. बंदूक लाकडी असली तरी तिच्या तोंडासमोरून जात नसत.

मूळचे अक्कलकोटकडचे. सोलापुरात गिरणीची पाळी संपली की घरामागच्या शेडात मिरवणुकांसाठी जुन्या चकमकीच्या बंदुका बनवत. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटे, ठिणगी पडे. बस. नळी साध्या जोडाच्या पाइपाची, पत्रा वळवून सांधलेल्या; बार तिला सोसला नसता. ठिणगी आतल्या दारूपर्यंत नेणारं भोक असल्या नळीला ते पाडतच नसत. मी शेजारी, बी. ए. होऊन घरी बसलेला. त्यांना आप्पा म्हणायचो. ते मला तम्मा म्हणत, कानडीत धाकटा भाऊ.

शहात्तर साली माळशिरसकडचे मानसिंग आले. दसऱ्याला सिद्धनाथाची पालखी निघताना पहिला बार त्यांच्या घराण्याचा. जुनी बंदूक तडकली होती. परवाना होता. तशीच दुसरी हवी होती.

"उडवायची तर भरीव सळई कोरायला लागते," आप्पा म्हणाले. "वर पारखायला दुप्पट दारू भरून, झाडाला बांधून, लांबून दोरीनं तीन बार काढतो मी. महिना लागतंय बघा."

"दसरा आट दिसांवर आलाय की."

"मग शोभेची न्या. बार नको."

मानसिंग हो म्हणाले. दसऱ्याचं आमंत्रण देऊन गेले.

आम्ही दोघं गेलो. बंदूक देवळात होती. हळदकुंकू, झेंडू. नळीला ताजं भोक, गावच्या लोहारानं पाडलेलं. आत दारू ठासलेली.

आप्पांचा चेहरा उतरला. "झाडाला बांधा. दोरीनं ओढू."

"पूजा झालीया तिची," मानसिंग म्हणाले. "देवाला चोरावानी दाव्यानं बांधू व्हय?"

"मग उडवू नका."

"सोताच्या हातावर इस्वास न्हाय जणू सोलापूरकरांचा!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. मीही हसलो.

मानसिंगांनी बंदूक उचलली. आप्पांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. "सरका. मी केलेली हाय, मीच बघतो."

त्यांनी चाप ओढला. नळीचा जोड उकलला. उजवा पंजा गेला. एक तुकडा मानेत घुसला.

सोलापूरच्या दवाखान्यात ते तीन दिवस होते. गावात बोललं गेलं, सोलापूरचा माल कच्चा. मानसिंगांनी अंगारा पाठवला.

तिसऱ्या दिवशी आप्पा म्हणाले, "तम्मा, कार्डं आण. यंदा असल्या अजून चार नळ्या दिल्यात मी. लिही. भोक पाडू नका. पाडलं असलं तर बंदूक परत पाठवा."

मी चार कार्डांवर मजकूर लिहिला. मग ते पत्ते सांगू लागले. सांगोल्याचं मंडळ. बार्शीची नाटककंपनी. करमाळ्याचे हिंदुराव.

"चौथा मंगळवेढ्याकडचा. उंच माणूस. नाव..."

डोळे मिटून आठवत राहिले. संध्याकाळी गेले.

घरात कुठं नोंद नाही. मी मंगळवेढ्याला दोनदा जाऊन आलो. तीन कार्डं टपालात टाकली. चौथ्यावर पत्त्याची जागा कोरी आहे.