कन्हेरीच्या रस्त्याचा मिस्त्री

बारामतीहून कन्हेरीकडं जाताना एक मिस्त्री बसतो. नाव मी कधी विचारलं नाही, पण आमची जुनी जीप कायम त्याच्याकडंच. बोलायच्या आधी हात पुसणार, अर्ध्या वाक्यात दमल्यासारखा थांबणार. माझा थोरला दोन लेकरांचा बाप झाला, तरी जीपच्या शर्यती लावतो. हल्ली जागेवरून जोरात उठवली की तिची मागची चाकं थडाथडा उड्या मारायची. मिस्त्रीनं रस्त्याकडेला पालथं पडून तीनदा चाक निरखलं आणि मला म्हणाला, "मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे रबरी बुश गेल्यात."

जीप चालवत आणलेला लेक ती वळवून लावेपर्यंत मी हळूच म्हटलं, "मिस्त्री, दुरुस्त होत न्हाय म्हणून सांगा त्याला. जिवाला घोर हाय माझ्या."

त्यानं तसं सांगितलंही. लेक म्हणाला, "मग तशीच पळवतो."

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं, हात पुसले आणि गाडीखाली शिरला. नवे बुश बसवले, जीप जॅकवरून उतरवली, पण बोल्ट ढिलेच ठेवले.

"मावशी, मागं बसा जरा. वजन पडल्याबिगर आवळलं तर रबर पिळून फाटतं, मग पुन्हा..."

मग काय, चढले. खाली पान्याचा आवाज येत होता, आणि मी होईल तेवढी जड होऊन बसून राहिले.