सासऱ्यांच्या बाहीवरचा वाघ

सासरे मी पाहिले नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा ते भिंतीवर होते. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत गेले, ते परत आलेच नाहीत. बेपत्ता झाल्याचा कागद आला होता म्हणे, पण तोही उंदरांनी खाल्ला. माझी नणंद तेव्हा पोटात होती. आज ती ऐंशीच्या पुढं आहे, अणदूरला लेकाकडं असते. बाप कुठल्या मुलखात राहिला एवढं कळावं, हे तिचं एकच मागणं. "निदान त्या दिशेला हात तरी जोडीन," म्हणते.

यंदा माझ्या नातीनं मोबाइलवर एक निवृत्त फौजी शोधून काढले. जुन्या फोटोतला बिल्ला पाहून तो माणूस कुठल्या तुकडीत होता, ती तुकडी कुठं लढली, हे ते सांगतात. नातीनं भिंतीवरच्या तसबिरीचा फोटो काढून त्यांना पाठवला. सासऱ्यांच्या बाहीवर, खांद्याच्या जरा खाली, पिवळाधमक वाघ आहे. नणंद सकाळच्या एसटीनंच येऊन बसली होती. दुपारी मोबाइलमधून फौजींचा आवाज आला.

"वाघाचा बिल्ला लावणारी एक तुकडी होती. ती ब्रह्मदेशाकडं लढली. पण शेपूट अशी डोक्यावर घेतलेला वाघ मी कधी पाहिला नाही. रंगवणाऱ्याचा हात घसरला असेल. तुम्ही ब्रह्मदेशच धरून चाला."

"ब्रह्मदेश कुनीकडं गं?" नणंदेनं नातीला विचारलं.

"पूर्वेला, आत्याआजी."

नणंद उठली, डोक्यावर पदर घेतला आणि भर उन्हात अंगणात जाऊन उगवतीकडं हात जोडून उभी राहिली. माझ्या तोंडात सुपारी होती. ती चावताही येईना, थुंकताही येईना. कारण हात कुणाचाच घसरला नव्हता. तो वाघ माझा होता.

तेव्हा मी असेन सतरा-अठरा वर्षांची. सातवी पास. अख्ख्या गावात अक्कल काय ती आपल्यालाच आहे, अशी पक्की खात्री. मूळ फोटो तळहाताएवढा, ओल लागून डागाळलेला. तो मोठा करून रंगवून आणू म्हणून मी नवऱ्याचं डोकं खाल्लं. शेवटी आम्ही तुळजापूरला एका फोटोवाल्याकडं गेलो. त्यानं भिंग लावून बघितलं.

"बाहीवर हे काय आहे? डाग हाय का बिल्ला?"

"बिल्लाच असंल. हाय तसा ठेवा," नवरा म्हणाला.

तिथं गप्प बसायचं की नाही? पण मग ती मी कसली!

"हाय तसा कशाला? वाघ काढा. अन् शेपूट चांगली लांब काढा."

रंगवलेली तसबीर मी घरोघर मिरवली. सासूबाईंनी मात्र ती बराच वेळ हातात धरली आणि एवढंच म्हणाल्या, "लई गोरे केलेत गं ह्यास्नी." मग आमच्याकडच्या रीतीप्रमाणं नवी तसबीर भिंतीवर गेली आणि जुना फोटो पाण्यात सोडायचा ठरला. तो मानही मीच घेतला. हळदकुंकू, फूल वाहून बोरी नदीत सोडला. बिचारा दोनदा काठाला परत आला. मी काठीनं आत ढकलला. हुशार सूनबाई!

नणंद अंगणातून आत आली ती हलकी होऊन. आता बोलले नसते तर ती रोज तशीच उभी राहिली असती. फोडून टाकलं.

"वन्सं, तो वाघ खरा न्हाय. म्या काढाय लावला."

"शेपूट बी?"

"शेपूट तर आधी."

"तरीच," ती म्हणाली, "म्हणलं, आमच्या बापाला एवढी शेपूट कशाला!" हसली. मग हसू थांबलं. "तर मग वैनी, तिथं आधी काय हुतं? माझ्या ध्यानात नुसता डागच हाय."

नातीनं फौजींना खरं काय ते कळवलं. त्यांनी विचारलं, बिल्ला गोल होता की तिकोनी? कापडाचा की धातूचा? आत पक्षी, तलवार, काही होतं? मला सासऱ्यांच्या मिशा आठवल्या. त्यांच्या खुर्चीचा कललेला पाय आठवला, मागच्या पडद्यावरची खोटी कारंजीसुद्धा आठवली. बाही डोळ्यांपुढं आणली की वाघच येऊन बसे.

"रंग काढून बघू," नात म्हणाली. तिनं तसबीर उघडली, ओल्या कापसानं हळूहळू वाघ पुसला. शेपूट गेली, पाय गेले. खाली पांढरंफेक निघालं. रंग धरावा म्हणून फोटोवाल्यानं ती जागा आधीच पात्यानं खरवडली होती. फौजींनी उत्तर पाठवलं: आता काही सांगता येणार नाही, माफ करा.

एसटीला अजून वेळ होता. नणंद पिशवी घेऊन अंगणात गेली.

"दुपारी जोडलेलं हात पोचलं असतील का वं?"

"काय सांगू, वन्सं."

तिनं पिशवी खाली ठेवली. उगवतीकडं तोंड केलं, मग मावळतीकडं वळली, मग नुसतीच उभी राहिली.

"तुमी सांगा की, वैनी. तुमीच शेवटी बगितला हुता त्यो फोटू."

जन्मभर प्रत्येक गोष्टीत तोंड घालणारी मी, त्या वेळी तिच्या शेजारी जाऊन नुसती उभी राहिले.