आसवाएवढं खारट

साखर-मिठाच्या पाण्याचा पहिला चमचा बाई स्वतः प्यायच्या. डोळे मिटून जीभ टाळूला लावायच्या आणि म्हणायच्या, "आसवाएवढं खारट पाह्यजे. त्याच्यावर नाई." मगच पेला रोग्याच्या हाती जायचा.

लाखांदूरकडच्या एका सरकारी दवाखान्यात त्या नर्स, मी कंपाउंडर. सत्तरचं दशक सरत आलं होतं. ओकारी-जुलाब लागले, की आमच्याकडे आधी माणसाचं पाणी पिणंच बंद करत. दवाखान्यात आले, की हट्ट सलाईनचा. साखर-मिठाचं पाणी दिलं, तर म्हणत, "हे तं घरी बी भेटते."

मग बाईंनी शक्कल लढवली. सलाईनच्या रिकाम्या बाटल्या उकळून त्यांत तेच पाणी भरलं. "हे तोंडातून चालनारं सलाईन हाये जी," असं अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगत. लोक मुकाट्यानं पीत. मी कपाटामागे जाऊन हसून घेई.

एकदा लग्नाच्या पंगतीनंतर निम्मं गाव ओकत आलं. डॉक्टर म्हणाले, "विषाणू दिसतो. परदेशात आता कुठं तो सापडायला लागलाय. त्याला मारणारं औषध नाही. अंगातलं पाणी टिकवायचं, बस."

पंगतीत माझी चार वर्षांची पोरही जेवली होती. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले. खरं सलाईन एकच उरलं होतं. लोकांना शहाणपण शिकवणारा मी बाईंपुढे हात जोडून उभा राहिलो.

"बाई, थे बाटली माझ्या पोरीले लावा."

"ज्याले गिळता येत नाई, त्याच्यासाठी हाये थे. तुमची पोरगी गिळते, भाऊ."

रागाच्या भरात मी नको ते बोललो. बाईंनी पोरीला मांडीवर घेतलं, एक चमचा चाखला आणि चमचा-चमचा पाजत बसल्या. ओकली, की जरा थांबून पुन्हा. उन्हं कलताना पोर मुतली आणि बाईंचं पांढरं लुगडं भिजलं. "झालं काम," म्हणत त्या हसल्या. मला रडू आवरेना. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, खारटपना बरोबर हाये ना?"

ती बाटली संध्याकाळी मासे धरणाऱ्या ढीवरांच्या एका म्हातारीला लागली. तिची शुद्ध हरपली होती. तीही वाचली.

पुढे बाईंची बदली झाली, ऐंशीनंतर त्याच साखर-मिठाच्या छापील पुड्या आल्या. बाईंना देवाघरी जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. पोरीला त्या आठवत नाहीत.

परवा ती आपल्या लेकीसाठी पुडी कालवत होती. माप पुडीवर छापलेलं. तरी पहिला चमचा तिनं स्वतः घेतला, डोळे मिटून.

"काहून चाखून राहिली वं?"

"तुमीच तं चाखत होते, बाबा."

मी कुणाचं पाहून चाखायचो, ते मग तिला सांगत बसलो.