मंगेशची अंदमानातली बाई

मंगेशनं अंदमानात बाई ठेवली आहे, ही बातमी जव्हारच्या एसटी डेपोसमोर खुद्द मंगेशच्या दोन दिवस आधी येऊन पोचली. बाई बंगाली आहे, बरोबरच्या दोघांना बाहेर ओटीवर वाढते आणि मंगेशला तेवढं आत चुलीपुढं बसवते, एवढीच मूळ बातमी. पण वडापावच्या गाडीवर तिला हिरवी साडी नेसवली गेली, जीपवाल्यांनी तिच्या नाकात चमकी घातली, आणि दुपारपर्यंत ती इकडं येणार की मंगेश तिकडंच राहणार यावर पैजाही लागल्या.

लोकांना खरं कौतुक होतं ते वेगळंच. बाईचा आळ यावा तर कुणावर? मंगेशवर! दाभोसा ते जव्हार जीप हाकत या माणसाची चौदा वर्षं गेलेली. सकाळी पहिली खेप, संध्याकाळी शेवटची, मध्ये पंक्चर. बायकोशी बोलायला बसला तर वाक्य पुरं व्हायच्या आत घोरायला लागायचा. झोपेतही उजवा पाय ब्रेक दाबायचा. त्याची बायको योगिता शेजारणींना सांगायची, "रोज रातचा घाट उतरतो नि लाथा मला बसतात." अशा माणसाला बाई ठेवायला ताकद कुठली?

अंदमानचं खूळ मुकेशचं. मुकेश मोखाड्याचा, ठाण्याला एका गोदामात कामाला. त्यानं होळीच्या सुमारास विमानाची स्वस्त तिकिटं काढली, नोव्हेंबरची, परत न होणारी. तिसरा अनीस, जव्हारात जीपचे हूड शिवणारा. तिघे शाळेत एका बाकावरचे. पाठीवर पिशव्या टाकून फिरायचं असं ठरल्यावर अनीस म्हणाला, "विकत कशाला? मी शिवतो ना यार." त्यानं हूडच्या उरलेल्या रेक्झिनच्या तीन पिशव्या शिवल्या. एकदम मजबूत. रिकाम्या असतानाच खांदा मोडायच्या.

मंगेशला समुद्र बघायचा नव्हता. त्याला झोपायचं होतं. पाच दिवस, कुणी "दाभोसा, दाभोसा" ओरडायला न लावता.

पण भाद्रपदात त्याचा बाप बुध्या याच्या अंगावरून वारा गेला आणि उजवा हात लुळा पडला. त्यात पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला, भात उशिरा कापला गेला. आता त्या घरची रीत अशी, की नवा तांदूळ शिजवून आधी धान्याच्या देवीला, कणसरी मातेला, आणि वाडवडिलांना द्यायचा, मगच घरात कुणी तोंडात घालायचा. देणारा हात घरच्या कर्त्याचा. आणि त्यानं त्याआधी कुठंही नवं खाल्लेलं चालत नाही. आजवर तो हात बुध्याचा होता. यंदा मंगेशचा.

"मी नाय जात," मंगेश म्हणाला.

"जा," बुध्या म्हणाला. "तिकीट फुकट कशाला? पाच दिसांत काय भात पळून जात नाय. आलास का तू कर. पन तोंड सांभाळ."

योगितानं नाचणीच्या भाकरी बांधून दिल्या आणि मंगेश निघाला.

विमानात तो झोपला. बोटीतही झोपला. हॅवलॉक बेटावर उतरून त्यानं समुद्राकडं जेमतेम पाच मिनिटं पाहिलं. एवढं पाणी, पण एकही वळण नाही, एवढंच त्याच्या मनात आलं.

मुकेशनं शोधलेली जागा स्वस्त, म्हणून बाजारापासून लांब. भातशेताच्या कडेला वेताच्या तीन झोपड्या, जेवण भाड्यातच. मालकीणबाईनं ताटं आणली. मासे, आणि भाताचा हा डोंगर.

"नया चावल, बाबू! अपना खेत का! खाओ, खाओ."

मंगेशचा हात ताटाशी जाऊन थांबला. सांगायची गरजही नव्हती. वाफेच्या वासावरूनच त्याला कळलं होतं.

"पेट खराब है," तो म्हणाला.

"पोट खराब, म्हणून पाचवं केळं?" अनीसनं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"योगिताची आठवण येते त्याला," मुकेश म्हणाला. "चौदा वर्षांत पहिल्यांदा जागेपणी लांब आहे ना."

"गप रे."

खरं सांगून टाकावं, असं मंगेशला वाटलं. पण मुकेशला सांगणं म्हणजे डेपोच्या भोंग्याला सांगणं. त्याच्या घरी नवं कधी झालं हे त्यालाच ठाऊक नसायचं. वर्षभर ठाण्याला डबा खाणारा तो. "अरे, अंदमानात कोण बघतंय?" म्हणाला असता. मंगेशला तेच ऐकायचं नव्हतं, कारण ते त्याच्याही मनात एकदा येऊन गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी भाकरीला बुरशी धरली. दोघे मासे बघायला पाण्यात उतरले आणि मंगेश झाडांना बांधलेल्या झोळीत आडवा झाला. झोपायला सगळी दुपार पडलेली, तर भूक झोपू देईना. डोळा लागायचा, घाट यायचा, ब्रेक दाबला की झोळी हलायची.

बाई झाडू घेऊन समोर उभी राहिली. "बाबू, मेरे हाथ का खाना खराब है क्या?"

मंगेश उठून बसला. जीपवर शिकलेल्या हिंदीत म्हणाला, "नहीं मौसी. घर पे नया नहीं हुआ. बाप का हाथ गया. मेरे हाथ से होना है."

बाई झाडू टेकवून आत निघून गेली. संध्याकाळी दोघांची ताटं ओटीवर आली आणि आतून हाक आली, "तुम अंदर आओ."

दोन दिवस हेच. मुकेशनं कुडाच्या फटीतून पाहिलं, तर त्याला मंगेशची पाठ दिसली आणि भराभर चालणारा हात. ताटात काय ते दिसलं नाही. पण फोन तर हातात होताच. त्यानं डेपोला लावला.

मंगेश परतला तेव्हा जीपवाल्यांनी हॉर्न वाजवून स्वागत केलं. "काय शेठ, वहिनी मागच्या गाडीनं का?" मंगेश इतका शिणला होता की उत्तर द्यायला तोंड उघडावं असंही त्याला वाटलं नाही. आणि गप्प राहतो तो कबूल करतो, हे डेपोचं जुनं शास्त्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात नवा तांदूळ शिजला. सागाची पानं मांडली. मंगेश आंघोळ करून बसला, मूठ भरली.

"थांब," बुध्या म्हणाला.

योगिता चुलीकडं बघतच म्हणाली, "आधी त्या बाईचा इचारा."

"बाईचा तू इचार. मी भाताचा इचारतू. तठं काय खालास?"

"जुना."

"नव्याचे दिस ते, जुना कोन देल?"

"तिनंच दिला. मी सांगितलं तिला."

बुध्यानं डाव्या हातानं खूण केली. "घाल."

मंगेशनं पानांवर भात घातला, मग एक घास स्वतः खाल्ला, आणि भिंतीला टेकून बसल्या जागी झोपला. योगितानं त्याच्या हातातलं पान काढून घेतलं आणि उजव्या पायापासून जरा लांब बसली.

बाईचं नाव शेफाली मंडल, वय एकाहत्तर. तिच्या घरचं नवं आठवड्यापूर्वीच झालं होतं; माळ्यावरच्या डब्यात गेल्या वर्षीचा थोडा तांदूळ उरला होता. तो ती वेगळ्या पातेल्यात शिजवून मंगेशला आत वाढत होती, कारण बाहेर वाढायच्या पळीला नवा भात लागलेला होता.